गाडीतला येऊन-जाऊन राहणारा इलेक्ट्रिकल बिघाड कसा शोधायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅरेजमध्ये नेली की गाडी अगदी नीट चालते आणि परत आणली की पुन्हा तेच. असा बिघाड सापडणार कसा?

आधी तो कधी येतो हे पकडायचं, कुठे आहे ते नंतर. अधूनमधून येणारा बिघाड मनाला येईल तेव्हा येतो असं वाटतं, पण तसं नसतं. उष्णता, ओल, हादरा, एखाद्या भागाची हालचाल किंवा विजेचा वाढलेला भार यांपैकी काहीतरी त्याच्या मागे असतंच. ते कळलं की अर्धं काम झालं, कारण मग बिघाड मुद्दाम घडवून आणता येतो, आणि समोर घडणारा बिघाड मोजता येतो.

म्हणून गाडीत एक छोटी वही ठेवा. बिघाड झाला की लगेच लिहा: इंजिन थंड होतं की तापलेलं, गाडी किती वेळ चालली होती, एसी, हेडलाइट, वायपर यांपैकी काय चालू होतं, रस्ता खडबडीत होता का, स्टिअरिंग कुठल्या बाजूला वळलेलं होतं, आदल्या रात्री पाऊस होता का. आठवणीवर विसंबू नका. चिडलेल्या माणसाला "कधीही होतं" एवढंच आठवतं.

थोड्याच नोंदींतून दिशा दिसू लागते. तापल्यावर इंजिन बंद पडतं आणि अर्धा तास थांबल्यावर निमूट सुरू होतं, तर क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं मोजणारा) किंवा इग्निशन कॉइलकडे (ठिणगीसाठी वीज वाढवणारा भाग) संशय जातो. दुचाकीचं हँडल एका बाजूला वळवलं की हेडलाइट जातो, तर हँडलच्या मानेजवळची वायर बघायची. मागचं दार उघडल्यावरच नंबर प्लेटचा दिवा लागतो, तर बिजागरीजवळचं रबर उघडायचं.

सुरुवात कुठून करावी?

बॅटरी आणि चार्जिंग. बिघाड कुठलाही असो, इथूनच. आजच्या गाड्यांमधले कंट्रोल युनिट, म्हणजे वेगवेगळी कामं सांभाळणारे छोटे संगणक, कमी व्होल्टेजवर भलत्यासलत्या तक्रारी करतात: स्टिअरिंग जड होतं, एबीएसचा दिवा लागतो, काचा अर्ध्यावर थांबतात, आणि मूळ दोष कधीकधी फक्त सैल टर्मिनलचा निघतो.

गाडी काही तास बंद राहिल्यावर चांगल्या चार्ज झालेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. १२.२ म्हणजे साधारण निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसतात. काही नव्या गाड्यांत कंट्रोल युनिट गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतं, त्यामुळे एकच आकडा बघून अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) दोष देऊ नका. हेडलाइट आणि पंखा लावून पुन्हा बघा.

टर्मिनल हाताने पिळून बघा. जराही फिरलं तर ते सैल आहे. पांढरा-हिरवा थर दिसला तर टर्मिनल काढून, घासून, पुसून परत बसवा. वरवर पुसून भागत नाही. थर टर्मिनल आणि खांब यांच्या मधे असतो.

नवी बॅटरी टाकली तरी गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही. का?

गाडी बंद असतानाही कुणीतरी वीज पीत आहे. थोडी वीज जाणं स्वाभाविक आहे, कारण घड्याळ, अलार्म आणि रिमोट लॉकचा रिसीव्हर जागेच असतात. सगळे कंट्रोल युनिट झोपी गेल्यावर हा प्रवाह साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, त्यावर बॅटरी कितीतरी दिवस तग धरते. तोच प्रवाह ५०० मिलिअँपिअर असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात आणि ४५ अँपिअर-तासाची बॅटरी चार दिवसांच्या आत रिकामी होते. सेल्फ तर त्याच्या बराच आधी साथ सोडतो.

मोजण्यासाठी मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात लावा, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा आणि केबल व बॅटरीचा खांब यांच्या मधे मीटर जोडा. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही किल्ली फिरवू नका; सेल्फचा प्रवाह शेकड्यांनी अँपिअर असतो, मीटरचा फ्यूज त्याच क्षणी जाईल. बॉनेट उघडं राहणार असेल तर त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून ठेवा, नाहीतर गाडीला बॉनेट उघडं असल्याचं कळत राहतं. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची रिमोट चावी लांब ठेवा.

आणि मग थांबा. घाईने निष्कर्ष काढायचा मोह इथेच सगळ्यात जास्त होतो. केबल जोडल्याबरोबर सगळे कंट्रोल युनिट जागे होतात आणि मीटर काही अँपिअरही दाखवतो. ते झोपी जायला काही गाड्यांत २० मिनिटं लागतात, काहींत ४० किंवा त्याहून जास्त.

त्यानंतरही आकडा मोठाच असेल तर एकेक फ्यूज काढून बघण्याची जुनी रीत आहे. ती चालते, पण फ्यूज काढता-घालताना झोपलेलं युनिट पुन्हा जागं होतं आणि मोजमाप बिघडतं. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मीटर मिलिव्होल्टवर लावा. ज्या फ्यूजमधून प्रवाह वाहत नाही तिथे शून्य दिसेल, ज्यातून वाहतो तिथे थोडे मिलिव्होल्ट. कशालाही न छेडता संशयित सर्किट हाती लागतं. माझी पसंती नेहमी याच पद्धतीला.

एकाही फ्यूजवर काही दिसलं नाही तर अल्टरनेटर आठवा. त्यातला एखादा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळत असेल तर इंजिन बंद असतानाही बॅटरी त्याच्यामधून उतरते, आणि ती जाड केबल सहसा आतल्या छोट्या फ्यूजमधून जात नाही. बॅटरीची निगेटिव्ह सोडवून अल्टरनेटरची केबल काढा, तिचं टोक टेपने झाका, निगेटिव्ह परत मीटरमधून जोडा आणि पुन्हा मोजा.

बाकी नेहमीचे संशयित म्हणजे डिक्कीचा न विझणारा दिवा, चिकटलेला रिले (थोड्या विजेने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), आणि नंतर बसवलेला डॅशकॅम, म्युझिक सिस्टीम किंवा अलार्म. बाहेरून बसवलेली वस्तू असेल तर तपासणीची सुरुवात तिच्यापासूनच करा.

मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, तरी मोटर फिरत नाही. मग मोटरच गेली ना?

बहुतेक वेळा नाही. चांगले पार्ट फुकट बदलले जातात ते बरेचदा याच गैरसमजामुळे.

डिजिटल मल्टिमीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो. म्हणजे तो सर्किटमधून जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. वीस तारांच्या वायरमधल्या एकोणीस तुटल्या आणि एकच उरली तरी मीटरला तिच्यातून पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. मोटर मात्र काही अँपिअर मागते. तेवढा प्रवाह त्या एका तारेतून किंवा गंजलेल्या पिनमधून जाताना व्होल्टेज वाटेतच खर्ची पडतं. एक हिशोब बघा. ५५ वॉटचा हेडलाइट साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो. वाटेत कुठे फक्त अर्ध्या ओहमचा खराब जोड असेल तर त्यावर जवळपास २ व्होल्ट जातात आणि दिवा पिवळट दिसतो. तोच अर्धा ओहम मीटरच्या ओहम रेंजवर शोधायला गेलात तर हाती लागणं कठीण, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध दशांशांत येतो.

म्हणून सर्किट चालू ठेवून मोजायचं. दिवा किंवा मोटर चालू करा, कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग) जोडलेला राहू द्या. मीटरची लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळी पिन दिव्याच्या पॉझिटिव्ह वायरवर, कपलरच्या मागच्या बाजूने. जो आकडा येईल तो वाटेत हरवलेला व्होल्टेज. मग अर्थिंगची, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीच्या वाटेची, बाजू: काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन दिव्याच्या अर्थिंग वायरवर. अर्थिंगकडे ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. सेल्फच्या जाड केबलवर सेल्फ मारताना ०.५ व्होल्टपर्यंत चालतो. त्याहून जास्त दिसलं की त्या वाटेवर एकेक जोड पुढे सरकत मोजत जा. ज्या जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे आकडा उडी मारतो, दोष तिथे आहे.

दोन्ही बाजूंनी काही हरवत नसेल, मोटरला पूर्ण व्होल्टेज पोहोचत असेल आणि तरीही ती फिरत नसेल, तेव्हाच मोटर गेली असं म्हणायचं.

मीटर नसेल तर साधा बल्ब असलेला टेस्ट लॅम्पही उपयोगी पडतो. तो स्वतः प्रवाह ओढतो, त्यामुळे कमजोर वायरवर मिणमिणतो. फक्त कंट्रोल युनिट आणि सेन्सरच्या वायरींवर तो लावू नका.

अर्थिंग खराब असल्याचं कसं ओळखायचं?

लक्षणं विचित्र असतात, तीच खूण. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लागतो. हेडलाइट लावला की तापमानाचा काटा वर सरकतो. एका बाजूचे मागचे सगळे दिवे एकदम मंद होतात. विजेला परतीचा रस्ता मिळाला नाही की ती शेजारच्या दिव्यातून वाट काढते.

इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी पट्टी तुटली असेल तर सेल्फचा प्रवाह क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परत जाऊ पाहतो आणि त्या केबल तापतात. तापलेली केबल आढळली तर आधी ही पट्टी बघा.

दुरुस्ती सोपी आहे, पण नीट करा: बोल्ट काढा, रंग आणि गंज खरवडून धातू चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. नुसता बोल्ट पिळून आवळलात तर तक्रार काही दिवस थांबते आणि परत येते.

तोच फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो. थोडा मोठा टाकला तर?

नाही. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. मोठा फ्यूज टाकला की फ्यूजऐवजी वायर तापते, आणि ती कार्पेटखाली किंवा डॅशबोर्डमागे असते. गाडी पेटते ती अशानेच. तांब्याची तार गुंडाळणं त्याहून वाईट. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा. जागेवर असलेला रंग झाकणावरच्या तक्त्याशी पडताळून बघा. आधीच कुणीतरी मोठा टाकून ठेवलेला असू शकतो.

शोधण्यासाठी फ्यूज जाळत बसू नका. उडालेल्या फ्यूजच्या जागी दोन वायरींनी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडा. सर्किट कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण प्रकाशाने लागेल, आणि प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही, म्हणून वायर सुरक्षित राहते. मात्र त्या सर्किटवरचे दिवे, मोटर वगैरे आधी कपलर काढून सोडवा, नाहीतर त्यांच्यामुळेही बल्ब लागेल. आता वायरिंगचा जुडगा एका टोकापासून हळूहळू हलवत, वाकवत जा. ज्या जागी हात लावल्यावर बल्ब विझतो किंवा फडफडतो, तिथे इन्सुलेशन घासून वायर बॉडीला टेकते आहे.

कधीकधी फ्यूज उडण्याचं कारण शॉर्ट नसतं. पाणी शिरून जाम झालेली वायपरची मोटर किंवा जड झालेला पंखाही जास्त प्रवाह ओढतो. तेव्हा फ्यूज लगेच उडत नाही, काही वेळ चालून मग उडतो. हा फरक वहीत लिहून ठेवण्यासारखा आहे.

वायर तुटते तरी कुठे? सगळी गाडी उघडायची का?

गरज नाही. वायर तिथेच तुटते जिथे ती वाकते, घासते, तापते किंवा भिजते. दार आणि खांब यांच्या मधलं रबरी नळकांडं, डिक्कीच्या झाकणाची बिजागरी, बॅटरीच्या ट्रेखालची बाजू, सायलेन्सरच्या जवळून गेलेली वायर, सीटच्या रुळाखालचा भाग. शिवाय उंदीर. त्यांनी कुरतडलेली वायर वरून ठीक दिसते, खालून सोललेली असते, म्हणून हात फिरवून बघा.

दाराच्या वायरीत आतलं तांबं तुटून वरचं इन्सुलेशन शाबूत राहतं. अशी वायर दोन बोटांत धरून हलकेच ताणली की तुटल्या जागी रबरासारखी लांबते. चांगली वायर लांबत नाही.

कपलर उघडल्यावर पिन नीट बघा. हिरवट थर, तपकिरी झालेलं प्लास्टिक, मागे सरकलेली पिन, किंवा मीटरची जाड पिन खुपसल्याने रुंदावलेलं भोक. हे शेवटचं कारण फार वेळा सुटतं. वरून कपलर घट्ट बसलेला असतो, पण आतल्या पिनची पकड गेलेली असते. तपासताना वायरला सुई टोचून भोक पाडू नका. त्या भोकातून ओल शिरते आणि काही महिन्यांनी तिथेच नवा दोष तयार होतो.

फक्त पावसात किंवा फक्त तापल्यावर होणारा बिघाड घरी कसा आणायचा?

ओलीसाठी झाडांवर पाणी मारायचा फवारा घ्या आणि एका वेळी एकाच भागावर बारीक तुषार मारा. इंजिन चालू ठेवून खालून वर जात रहा. धार मारू नका, सगळंच भिजेल आणि काही कळणार नाही. उष्णतेसाठी केस वाळवायचा ड्रायर संशयित रिले, सेन्सर किंवा कॉइलवर धरा. पार्ट एवढाच तापवा की हात जेमतेम ठेवता येईल.

पाणी नेहमी जिथे दिसतं तिथूनच शिरतं असं नाही. वायरच्या तारांमधल्या फटींतून ते आतल्या आत बरंच अंतर जातं आणि भलत्याच कपलरमध्ये निघतं. कपलर वाळवून पुन्हा ओला झाला तर वायरच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा.

रिले कसा तपासायचा?

त्याच नंबरचा शेजारचा रिले अदलाबदल करून बघा. बिघाड रिलेबरोबर सरकला तर उत्तर मिळालं. "टक" आवाज आला म्हणजे रिले चांगला असं धरू नका. आवाज कॉइलचा असतो, आतले कॉन्टॅक्ट जळलेले असू शकतात. नेहमीच्या चौकोनी रिलेवर ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना असतात, ३० आणि ८७ कॉन्टॅक्टच्या. चालू असताना ३० आणि ८७ यांच्यामध्ये व्होल्टेज जवळजवळ शून्य हवा.

स्कॅनरने (गाडीच्या कंट्रोल युनिटमधली नोंद वाचणारं यंत्र) बिघाडाचा कोड दाखवला आहे. तोच पार्ट बदलायचा ना?

कोड पार्टचं नाव सांगत नाही, तक्रार कुठल्या सर्किटमध्ये आहे ते सांगतो. पी ०३४० हा कॅमशाफ्ट सेन्सरच्या सर्किटचा कोड आहे. दोष सेन्सरमध्ये, वायरमध्ये किंवा कपलरमध्ये, कुठेही असू शकतो. पी ०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी पडला. तो इतर दहा कोडांबरोबर आला असेल तर आधी त्याचं निवारण करा, बाकीचे बहुधा त्याच्यामुळेच आलेले असतात.

कोडापेक्षा मोलाची असते ती फ्रीझ फ्रेम. कोड नोंदला त्या क्षणी इंजिनचा वेग, तापमान, गाडीचा वेग काय होता हे त्यात जपलेलं असतं. तुमच्या वहीशी ते ताडून बघा. म्हणूनच कोड पुसण्याआधी सगळं लिहून घ्यायचं किंवा फोटो काढायचा.

"यू" ने सुरू होणारे कोड आले, विशेषतः वेगवेगळ्या युनिटांचे एकाच वेळी, तर युनिटांना जोडणाऱ्या कॅन वायरींकडे बघा. बॅटरी सोडवून त्या दोन वायरींमधला रोध मोजला तर बहुतेक गाड्यांच्या मुख्य कॅनवर ६० ओहमच्या आसपास मिळतो, कारण दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध असतात. १२० दिसले तर एक टोक तुटलं आहे. शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना टेकल्या आहेत.

दुचाकीत वेगळं काय बघायचं?

बल्ब वारंवार जात असतील किंवा बॅटरी फुगत असेल तर रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे बॅटरीकडे जाणारी वीज एसीची डीसी करून तिचा व्होल्टेज आवरणारा भाग. इंजिनचा वेग वाढवल्यावर बॅटरीवर १५ व्होल्टच्या वर जात असेल तर तो नियंत्रण करत नाहीये. तीन वायरींचा स्टेटर (इंजिनमधली वीज तयार करणारी गुंडाळी) असेल तर त्यांच्यातले एसी व्होल्टेज दोन-दोन वायरींच्या जोडीने मोजा. तिन्ही जोड्यांचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. स्टेटरचा कपलर तपकिरी पडलेला दिसला तर तो बदलाच, कारण चांगला रेक्टिफायरही त्यापायी जळतो. चालताचालता इंजिन बंद पडत असेल तर साइड स्टँडचा स्विच विसरू नका. चिखलाने तो अडकतो आणि खड्ड्यात क्षणभर तुटतो.

स्वतः हात लावू नये असं काही आहे का?

आहे. एअरबॅगच्या वायरी, ज्यांचे कपलर सहसा पिवळे असतात, त्यांच्यावर मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावू नका. तेवढ्या विजेनेही एअरबॅग फुटू शकते. स्टिअरिंग वळवताना एअरबॅगचा दिवा लागतो आणि हॉर्नही मधूनमधून वाजत नाही, तर स्टिअरिंगमागची गुंडाळी पट्टी तुटलेली असते. निदान तुम्ही करा, काम जाणकाराला द्या. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतल्या केशरी केबलमध्ये शेकडो व्होल्ट असतात. त्यांना प्रशिक्षणाशिवाय कुणीही हात लावू नये.

वायर सापडली. सोल्डर करू की क्रिंप?

हादरणाऱ्या जागी चांगल्या पकडीने केलेला क्रिंप (धातूची नळी दाबून केलेला जोड) आणि वरून आतल्या बाजूला गोंद असलेली हीट श्रिंक नळी. सोल्डर वायरच्या तारांत चढतो, तो भाग कडक होतो आणि जिथे कडकपणा संपतो तिथेच वायर पुन्हा तुटते. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर ही पुढच्या बिघाडाची सुरुवात.

दुरुस्ती झाली असं कधी मानायचं?

ज्या परिस्थितीत बिघाड येत होता ती मुद्दाम पुन्हा आणल्यावर. पावसात होत होता तर तिथेच फवारा मारून, तापल्यावर होत होता तर तेवढाच तापवून. एका वेळी एकच गोष्ट बदला; तीन पार्ट एकदम बदलले आणि बिघाड थांबला, तर कशामुळे थांबला ते कळत नाही आणि परत आला की पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं.

ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेताना काय तयारी करावी?

वही न्या. बिघाड होत असतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ न्या, डॅशबोर्डवरचे दिवे त्यात दिसू द्या. बाहेरून काय काय बसवून घेतलं आहे आणि अलीकडे गाडीचं कुठलं काम झालं, तेही सांगा. कामाच्या वेळी अर्धवट बसलेला कपलर हे फार नेहमीचं कारण आहे. तपासताना स्वतः सोबत बसून बिघाड येणाऱ्या रस्त्यावर चालवून दाखवता आलं तर उत्तम. आणि नेण्याआधी बॅटरी काढून ठेवू नका, तसं केल्याने बऱ्याच गाड्यांतले साठवलेले कोड आणि फ्रीझ फ्रेम पुसले जातात.